दश्शी-दुर्री : डॉइल ब्रन्सन आणि माझ्या भाच्याचा प्रश्न

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.)

गेल्या दिवाळीत ताईकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाली, "तू बोल जरा त्याच्याशी. माझं काही ऐकत नाही." तो म्हणजे माझा भाचा. पुण्यातली चांगली नोकरी सोडून दीड वर्ष ऑनलाइन पोकर खेळत होता. फावल्या वेळात नाही, धंदा म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायची ॲप्स काही दिवसांतच बंद पडली आणि हा घरी येऊन बसला. आता म्हणे गोव्याला जातो, तिथे बोटीवर खेळतो.

गच्चीवर गेलो तर त्यानेच विषय काढला. "मामा, क्रिकेटवाला दहा वर्षं खेळला की ते करिअर. डॉइल ब्रन्सन साठ वर्षं खेळला. ते काय होतं मग?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण हा ब्रन्सन कोण तेच माहीत नव्हतं. आमच्या पिढीला तिर्रट माहीत, रमी माहीत, गणपतीच्या जागरणातला चार आण्यांचा डाव माहीत. आणि 'अड्ड्यावर छापा, सात जण ताब्यात' ही बातमी तर रोजच्या पेपरातली. मग दोन महिने मिळेल ते वाचत बसलो. त्याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला घेतलं आणि त्या माणसात गुंतलो, हे कबूल करतो.

डॉइल ब्रन्सनचा जन्म १० ऑगस्ट १९३३ चा. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं लाँगवर्थ नावाचं खेडं, आपल्याकडच्या वाडीएवढं. पोरगं उंच, काटक आणि पळण्यात पटाईत. शाळेत असताना एक मैलाच्या शर्यतीत राज्यात पहिला आला होता. बास्केटबॉलही असा खेळायचा की तेव्हाच्या मिनियापोलिस लेकर्स या व्यावसायिक संघाची त्याच्यावर नजर होती. म्हणजे खेळाडू म्हणून करिअर ठरलेलंच होतं, फक्त ते पत्त्यांचं नव्हतं. मग उन्हाळी सुट्टीत तो जिप्समच्या कारखान्यात कामाला गेला आणि भिंतीला लावायच्या जड पाट्यांचा ढिगारा त्याच्या पायावर कोसळला. पाय दोन ठिकाणी मोडला. पुढे आयुष्यभर तो लंगडत चालला, म्हातारपणी कुबडी आली. शिक्षण मात्र सोडलं नाही. शिक्षण प्रशासनातली पदव्युत्तर पदवी घेतली. शाळेचा मुख्याध्यापक व्हायचं, एवढाच साधा बेत.

पण मास्तरकीत पैसा नव्हता. म्हणून बरोज कंपनीची हिशेबाची यंत्रं विकायची नोकरी धरली. तो स्वतः सांगायचा ती गोष्ट अशी, की पहिल्याच दिवशी फिरतीवर असताना कुणीतरी डावाला बसवलं आणि महिन्याच्या पगारापेक्षा जास्त रक्कम तो काही तासांत जिंकला. नोकरी लवकरच सुटली.

भाच्याला ही गोष्ट तोंडपाठ आहे. यापुढची पंधरा वर्षं मात्र त्याच्या बोलण्यात कुठेच येत नाहीत, आणि मला तीच महत्त्वाची वाटतात.

त्या काळात टेक्सासमध्ये हा सगळा प्रकार बेकायदा. फोर्ट वर्थ शहरात गुरांच्या बाजाराला लागून एक्स्चेंज अव्हेन्यू नावाचा रस्ता होता, तिथल्या खोल्यांत डाव चालायचे. शेजारी बसलेला कोण? चोर, दलाल, कुणाचा तरी हस्तक, नाहीतर तेलात पैसा कमावलेला शेठ. ब्रन्सन, अमॅरिलो स्लिम प्रेस्टन आणि सेलर रॉबर्ट्स अशा तिघांनी मिळून भांडवल एकत्र केलं आणि गावोगाव डाव शोधत गाडीतून फिरू लागले. यांना 'रोड गॅम्बलर' म्हणत. आपल्याकडे तमाशाचे फड जत्रेमागून जत्रा करतात, तशी यांची डावांची जत्रा. यात चार कामं असायची. आधी डाव शोधायचा. मग समोरचा पत्त्यांत लबाडी करत नाही ना, ते बघायचं. मग जिंकायचं. आणि शेवटी पोलीस आणि दरोडेखोर या दोघांनाही चुकवून ते पैसे घेऊन गावाबाहेर पडायचं. पत्ते खेळण्याचं कौशल्य या चारांपैकी फक्त एका कामात उपयोगी! पिस्तूल रोखून आपल्याला कितीदा लुटलं, ते ब्रन्सन पुढे मुलाखतींत सांगत असे. लुटल्यावर तक्रार कुणाकडे करणार? तुम्हीच गुन्हेगार. तिघांनी एकदा सगळी पुंजी घेऊन लास वेगास गाठलं आणि होतं नव्हतं ते घालवून परत आले. भागीदारी तिथेच मोडली. दोस्ती टिकली.

१९६२ मध्ये त्याचं लुईझशी लग्न झालं. ती फार्मसिस्ट होती. लग्नाला काही महिनेच झाले होते, ती गरोदर होती आणि याच्या मानेत गाठ निघाली. कॅन्सर पसरलेला. डॉक्टरांनी थोडेच महिने उरलेत असं सांगितलं, मूल बघायला मिळावं म्हणून शस्त्रक्रिया केली, आणि नंतरच्या तपासणीत कॅन्सरचा मागमूस नाही. घरचे याला देवाची कृपा म्हणायचे. यानंतर तो साठ वर्षं जगला. (जी मुलगी बघायला मिळावी म्हणून ते ऑपरेशन झालं ती डॉयला, १९८२ मध्ये अवघ्या अठराव्या वर्षी हृदयविकाराने गेली. पत्त्यांच्या गोष्टीत हे कुणी सांगत नाही.)

आता स्पर्धांकडे येतो. बेनी बिनियन हा मूळचा टेक्सासचाच, डॅलसमधल्या बेकायदा जुगाराचा बादशहा. खुनाचे डाग असलेला माणूस. डॅलस सोडावं लागलं तेव्हा तो वेगासला आला, कारण नेवाडा राज्याने १९३१ मध्येच जुगार कायदेशीर केला होता. १९५१ मध्ये त्याने हॉर्सशू कॅसिनो काढला. मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगातही जाऊन आला. या माणसाने १९७० मध्ये ओळखीच्या जुगाऱ्यांना बोलावून 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' भरवली. नाव केवढं, आणि माणसं एका टेबलाभोवती बसतील एवढीच! पहिल्या वर्षी तर विजेता मतदानाने ठरला, जॉनी मॉस. पुढच्या वर्षापासून नॉकआउट पद्धत आली. सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, सारख्या चिप्स घ्यायच्या, संपल्या की उठायचं. शेवटी उरेल तो विजेता.

गंमत अशी की ब्रन्सनला सुरुवातीला जिंकायचंच नव्हतं. १९७२ च्या स्पर्धेत तिघे उरले होते, त्यात हा होता, आणि पैशांची आपसात तडजोड करून तो बाजूला झाला. घरी टेक्सासमध्ये नाव झालं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. विजेता ठरला अमॅरिलो स्लिम. तो बोलघेवडा. जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात जाऊन त्याने देशाला हसवलं. आणि बघा, जग काही बुडालं नाही. कालपर्यंत पोलिसांना चुकवणारा माणूस आज टीव्हीवर पाहुणा. खेळ तोच, माणूस तोच. फक्त टेबल टेक्सासमधून उचलून नेवाडात ठेवलं होतं.

१९७६ ला ब्रन्सन जिंकायलाच बसला आणि जिंकला. १९७७ ला पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. आजही जगभर पोकरवाले या जोडीला 'डॉइल ब्रन्सन' म्हणतात. आता हे दोन डाव नीट सांगतो, कारण आपल्या कोर्टांनी ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षं खल केला तो सगळा यात आहे.

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात आणि टेबलावर पाच पानं उघडी येतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचं. सातांतून उत्तम पाच पानांचा हात लावायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे.

१९७६. समोर जेसी आल्टो, त्याच्याकडे एक्का आणि गुलाम. टेबलावर एक्का, गुलाम, दश्शी. आल्टोच्या दोन मोठ्या जोड्या झाल्या, ब्रन्सनची एकच, दश्शीची. चौथं पान दुर्री. आता ब्रन्सनच्याही दोन जोड्या, पण लहान. न दिसलेली पानं उरली ४४, त्यातली ब्रन्सनला वाचवणारी फक्त चार : दोन दश्श्या, दोन दुर्ऱ्या. शेवटचं पान दश्शी आलं.

१९७७. समोर गॅरी बर्लंड, त्याच्याकडे अठ्ठी आणि पंजी. टेबलावर दश्शी, अठ्ठी, पंजी. बर्लंड पुढे. चौथं पान पुन्हा दुर्री, आणि आता ब्रन्सनच्या दोन जोड्या वरचढ झाल्या. पैसे पडले. आता बर्लंडला ४४ मधली चारच पानं वाचवू शकत होती. शेवटचं पान? पुन्हा दश्शी.

म्हणजे पहिल्या वर्षी ब्रन्सन अकरात एक या बाजूला होता, दुसऱ्या वर्षी अकरात दहा या बाजूला. हात तोच, निकाल तोच. एकदा नशिबाने पदरात टाकलं, एकदा हिशेबाने. इतिहासात दोन्हींची नोंद एकाच मापाची.

मग कौशल्य नाही का? आहे ना. एका डावात दिसत नाही, हजारो डावांत दिसतं. या स्पर्धेतली विजेत्याची दहा ब्रेसलेट त्याने मिळवली. पहिलं १९७६ ला, दहावं २००५ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी. नशिबाची इतकी लांब मर्जी कुणावर राहत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याने आपलं सगळं ज्ञान एका जाडजूड पुस्तकात घातलं, 'सुपर सिस्टम'. स्वतःच छापलं, किंमत ठेवली १०० डॉलर. बॉबी बाल्डविन, चिप रीस, डेव्हिड स्क्लान्स्की अशा जाणत्यांकडून एकेका प्रकारावर प्रकरणं लिहून घेतली. नंतर मात्र तो हळहळायचा, की या पुस्तकामुळे समोरचे शहाणे झाले आणि आपलंच नुकसान झालं. शाळामास्तर व्हायला निघालेला माणूस शेवटी मास्तरच झाला आणि पस्तावला!

एक हिशेब मी भाच्यासाठी केला. ७६ साली २२ जण होते, प्रत्येकी दहा हजार डॉलर. ब्रन्सनला मिळाले २ लाख २० हजार. ७७ साली ३४ जण, ३ लाख ४० हजार. तेव्हा अधिकृत नियमाने सगळं बक्षीस एकालाच जायचं. दोन वर्षांचे मिळून ५ लाख ६० हजार. त्यातले वीस हजार त्याने स्वतःच भरलेले. उरलेले ५ लाख ४० हजार हे रिकाम्या हाताने उठलेल्या ५४ जागांचे. क्रिकेटमध्ये तिकीट काढणारा प्रेक्षक असतो, टीव्हीचे हक्क असतात, बाहेरून पैसा येतो. पोकरच्या स्पर्धेत बक्षीस म्हणजे हरलेल्यांचीच वर्गणी. शिवाय आता त्यातून घरवाल्याचा वाटाही कापतात. आपल्याकडे अड्डेवाला 'नाल' काढतो तेच.

आणि ब्रन्सनने सगळ्या मोठ्या स्पर्धांतून मिळून आयुष्यभरात जिंकलेली बक्षिसं साठ लाख डॉलरच्या थोडी वर. त्यात भरलेली प्रवेश-फी वजा केलेली नाही. त्याचं पोट स्पर्धांवर नव्हतंच, रोजच्या रोकडीच्या डावांवर होतं. स्पर्धा ही दुकानाची पाटी. गिऱ्हाईक आत यायचं ते पाटी बघून. जिंकलेला पैसाही सगळा राहिला नाही. खेळांवरच्या पैजा, गोल्फमधल्या पैजा आणि भलतेसलते उद्योग. नोहाची नौका शोधायच्या मोहिमेत पैसे घातले होते या गृहस्थाने!

१९८० च्या अंतिम डावात ब्रन्सन दुसरा आला. त्याला हरवणारा पोरगा होता स्टू उंगर. पत्ते लक्षात ठेवण्यात तसा माणूस झाला नाही, असं त्याच्यासमोर हरलेलेच सांगतात. १९८०, १९८१ आणि १९९७, तीनदा मुख्य स्पर्धा जिंकला. ९७ चं पहिलं बक्षीस होतं दहा लाख डॉलर. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. ड्रग्जने शरीर पोखरलेलं, खिशात हजार डॉलरही नाहीत. अंत्यविधीसाठी मित्रांनी पैसे गोळा केले. कौशल्यच मोजायचं तर उंगर ब्रन्सनच्या वर होता असं म्हणणारे खूप आहेत. भाच्याच्या फोनवर मात्र फोटो ब्रन्सनचा आहे.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला अकाउंटंट (आडनाव खरंच हेच) शंभर डॉलरच्या आतल्या ऑनलाइन प्रवेशावरून मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्या वर्षी खेळाडू होते ८३९. तीनच वर्षांत, २००६ मध्ये, ८,७७३. त्यातल्या साधारण दहातल्या नऊ जणांच्या हाती काहीच लागलं नाही. पण टीव्हीवर दिसला तो उरलेला एक, आणि त्याच्या शेजारी काउबॉय टोपी घातलेला म्हातारा 'टेक्सास डॉली'. सत्तरीत ब्रन्सन जगप्रसिद्ध झाला तो असा. २००४ मध्ये लॉस एंजेलिसजवळची एक मोठी स्पर्धा जिंकून त्याने जवळपास बारा लाख डॉलर घेतले. मग १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने मोठ्या पोकर साइट्स एका दिवसात बंद केल्या. एका साइटकडे तर खेळाडूंचे परत द्यायचे पैसेच शिल्लक नव्हते. त्या पडझडीत ब्रन्सनच्या नावाने चालणारी साइटही गेली.

आता आपल्याकडचं. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं म्हटलं, आणि तेव्हापासून सगळी भांडणं त्या एका शब्दावर. पोकरचं तर विचारू नका. पश्चिम बंगालच्या कायद्याने तो जुगाराच्या व्याख्येतून वगळला, तर २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टाने तो जुगारच ठरवला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने त्याच १९७६ च्या सुमाराचा आपला जुगारबंदीचा कायदा १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त केला, आणि मांडवीत बोटी उभ्या राहिल्या. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने तर प्रश्नच निकालात काढला : ऑनलाइन पैसे लावताय ना, मग कौशल्य असो की नशीब, बंद.

मला यातलं दोन्हीकडचं खटकतं. बंदीने खेळ संपत नाही, एक्स्चेंज अव्हेन्यू तयार होतो. तिथे लुटलेल्याला तक्रारही करता येत नाही. पण कंपन्या ज्या जोराने 'हा कौशल्याचा खेळ आहे' म्हणत होत्या, त्याचा खरा अर्थ त्यांनी जाहिरातीत कधी सांगितला नाही. कौशल्याचा खेळ म्हणजे कमी कौशल्यवाला नक्की हरणार. लॉटरीत गाढवालाही कधी लागते. इथे तेवढीही आशा नाही. ज्याला हे कळत नाही, त्याच्या पैशावर ज्याला कळतं त्याचं घर चालतं. आमच्या गल्लीतल्या एका पोराने बापाच्या ठिबकच्या अनुदानाचे पैसे अशाच ॲपवर घालवले. तो रमी खेळायचा. त्यालाही आपण कुशल आहोत असंच वाटत होतं.

ब्रन्सनने २०१८ च्या जूनमध्ये ८४ व्या वर्षी जाहीर केलं की लुईझची तब्येत बरी नाही, आता स्पर्धा पुरे. शेवटची म्हणून खेळला त्या स्पर्धेत सहावा आला, टोपी उचलून लोकांना नमस्कार केला आणि घरी गेला. (नंतर एकदा-दोनदा आलाच परत. सवय!) १४ मे २०२३ ला तो गेला, ८९ व्या वर्षी.

मागच्या महिन्यात भाचा आला होता. हे सगळं त्याला सांगितलं. शांतपणे ऐकलं, मग लॅपटॉप उघडून दीड वर्षाचा हिशेब दाखवला. खरंच नीट ठेवलाय. तारीख, स्पर्धा, भरलेली रक्कम, मिळालेली रक्कम. शेवटी तो फायद्यात आहे. फार नाही, पण जुन्या पगाराच्या आसपास. मला खोटं बोलायचं नव्हतं, म्हटलं, तुला येतं बाबा, मानलं.

मग विचारलं, "हे आले ते कुणाकडून?"

तो म्हणाला, "ते कसं कळणार मामा? समोर फक्त टोपणनावं असतात."